साडूंची साखळी

आमच्या साडूंनी आयुष्यात जेवढं बघितलं आहे तेवढं अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुणी बघितलं नसेल, आणि जेवढं त्यांच्या नजरेतून सुटलं आहे तेवढंही दुसऱ्या कुणाच्या सुटलं नसेल. हे मी जबाबदारीने म्हणतो, कारण कसबा पेठेत माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि कुणाला काय दिसतं, काय दिसत नाही, याची चौकशी करण्यातच माझा जन्म गेला आहे. साडूंचे डोळे मी स्वतः तपासले आहेत. त्यांत काही दोष नाही. असता तर काच बदलून भागलं असतं आणि आम्हा सगळ्यांचा जीव सुटला असता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. राहायला शनिवार पेठेत, नोकरीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका प्रयोगशाळेत, आणि मनाने कायम शर्टाच्या बटणाएवढ्या एका धातूच्या तुकड्यावर. या तुकड्यावर एक वायू सोडायचा. वायूचे सुटे रेणू त्यावर येऊन बसतात, एकमेकांना जोडले जातात, जोडता जोडता लांबच लांब साखळी होते, आणि अशा असंख्य साखळ्यांचं मिळून प्लॅस्टिक होतं. आपली बादली, आपला मग, आपला डबा, सगळं यातलंच. धातू स्वतः त्या साखळीत शिरत नाही, नुसती गाठ घालून देतो आणि बाजूला राहतो, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं. माझ्या बायकोने हे ऐकून विचारलं होतं, "म्हणजे स्थळं सुचवणाऱ्या काकूंसारखं का हो भाऊजी?" साडूंनी त्यावर दोन मिनिटं विचार केला आणि "काकू शेवटी जेवायला येतात, धातू येत नाही," असं गंभीरपणे सांगितलं. जगभरचे कारखाने हे काम रोज मुकाट्याने करतात. पण साखळीची सुरुवात नेमकी कुठे होते, पहिला रेणू कुठे बसतो आणि दुसरा त्याला कसा येऊन मिळतो, हे साडूंना घडताना, समोर, डोळ्यांनी बघायचं होतं. वीस वर्षं ते बघत होते आणि वीस वर्षं तिथे काहीही घडत नव्हतं.

हे बघायला त्यांनी स्वतःच्या हाताने एक यंत्र बांधलं होतं. त्यात एक सुई. सुईचं टोक एका अणूचं, निदान साडूंचं म्हणणं तसं. ही सुई धातूला टेकवायची नाही, दोन-तीन अणू मावतील एवढ्याच अंतरावर ठेवायची आणि ओळीओळीने फिरवायची. मधून जो अगदी बारीक विद्युतप्रवाह जातो, त्याच्या कमीजास्त होण्यावरून पडद्यावर चित्र उमटतं. एक चित्र पुरं व्हायला मिनिटभर लागतं. आणि शेजारच्या खोलीत कुणी टाच आपटली तरी ते बिघडतं. त्यामुळे साडू स्वतः चवड्यांवर चालत. ते ठीक. पण त्यांच्या घरीही टाच टेकवायची बंदी होती, खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे बांधलेले होते, आणि चटणी वाटायची तर ताईंनी आधी सूचना द्यायची. यंत्र नदीपलीकडे, मैलोगणती लांब, आणि कायदे शनिवार पेठेत! मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "सवय एकाच ठिकाणी लागत नसते." माझ्या मुलीच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा हे गृहस्थ बँडवाल्याच्या मोठ्या ढोलावर तळहात ठेवून उभे. "सेकंदाला किती ठोके पडतात हो?" बँडवाला म्हणाला, "साहेब, नवरदेव घोड्यावर ताटकळलाय." साडूंनी हात काढला नाही. शेवटी मी काढला.

त्याच लग्नाआधीची गोष्ट. मुलाकडची मंडळी आमच्या विश्रांतवाडीच्या घरी येऊन गेली. मुलगा सगळ्यांना पसंत पडला. घरातले वडीलधारे म्हणून साडूंचं मत विचारलं. ते म्हणाले, "एक चित्र मिळालं. एका चित्रावरून हालचाल सांगता येत नाही. त्याला पुन्हा बोलवा, आणि त्याच खुर्चीत बसवा." माझी मुलगी हसायला लागली म्हणून बरं, नाहीतर मी त्या दिवशी साडूपणाचा राजीनामा दिला असता.

एकदा साडू माझ्या दुकानात डोकावले असताना मला शेजारून बादली घ्यायची होती, म्हणून हेही आले. शेजारच्या दुकानदाराने चार बादल्या पुढे ठेवल्या. साडूंनी एक उचलली, उजेडात धरली, कड वाकवून बघितली, बुडाला नख लावलं, आणि अशा काही प्रेमाने तिच्याकडे बघत राहिले की मलाच अवघडल्यासारखं झालं. दुकानदार पाच मिनिटं थांबला. मग म्हणाला, "अहो, बादली घ्यायची आहे की तिच्यावर पुस्तक लिहायचं आहे? लिहायचं असेल तर तिकडे बाकावर बसा, हे दुसरे गृहस्थ नुसती पाणी भरायला नेणार आहेत." साडू दुखावले नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, "आपण इतकी वर्षं बादल्या विकता. पण तिची सुरुवात कुठे होते, हे आपल्याला माहीत आहे का?" दुकानदार म्हणाला, "भिवंडीला."

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची स्वच्छता. तो धातूचा तुकडा हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवायचा, वरचा मळ खरवडून काढायचा, मग तापवायचा, म्हणजे अणू आपापल्या जागी बसून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग पुन्हा खरवडायचा, पुन्हा तापवायचा. असे दोन दिवस. एका दिवाळीला माझ्या बायकोने आठवडाभर खपून घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. साडू फराळाला आले, चहूकडे नजर टाकली आणि म्हणाले, "स्वच्छ असं काही नसतं. किती वेळ स्वच्छ राहतं एवढंच बघायचं." बायको त्यांच्याशी तुळशीचं लग्न होईपर्यंत बोलली नाही, आणि हे साडूंच्या लक्षातही आलं नाही.

आता त्यांच्या विद्यार्थिनीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरं दुखणं तिथे होतं. यवतमाळकडून आलेली एक मुलगी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होती. हुशार, कष्टाळू, आणि तोंडाने मोकळी. साडूंना मूलबाळ नाही. ताईंनी त्या मुलीला असं काही आपलंसं केलं की रविवारी ती जेवायला नसली तर ताई चार वेळा जिन्याकडे बघायच्या. साडूंचा सिद्धान्त असा की साखळी धातूच्या सपाट, निर्मळ मैदानात सुरू होते. ही म्हणायची, नाही. धातूचा एक थर संपतो आणि खालचा सुरू होतो तिथे पायरी असते, त्या पायरीच्या काठावर सुरुवात होते. काठावरच्या अणूंना एका बाजूला शेजारी नसतात, त्यांचे हात मोकळे असतात, तेच नव्या रेणूला धरतात. मला हे सारं तिनेच एकदा ताईंच्या ओट्यावर पोळपाट आणि पोळ्या मांडून समजावलं होतं, आणि साडूंकडून दहा वर्षांत कळलं नव्हतं ते दहा मिनिटांत कळलं होतं. साडूंना ती तोंडावर म्हणायची, "सर, तुम्ही फार साफ करता. सगळं सपाट करून टाकता, मग सुरुवात व्हायला जागाच उरत नाही." आमच्यादेखत म्हणायची. साडू हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा तिने यावर चौथं प्रकरण लिहिलं. तिच्याकडे दुसऱ्या तऱ्हेची मोजमापं होती, चित्र नव्हतं. साडू म्हणाले, "चित्र नाही तर प्रकरण नाही." तिने पुष्कळ समजावलं. हे हलले नाहीत. तिने प्रकरण काढून टाकलं, पदवी घेतली, ताईंना नमस्कार केला आणि नागपूरला जाऊन एका कॉलेजात शिकवायला लागली. त्यानंतर नऊ वर्षं साडू आणि ती एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. ती गेल्यावर साडूंनी काय केलं? दोन दिवसांची साफसफाई तीन दिवसांची केली. माणसाने अडून बसावं, पण किती!

गेल्या वर्षी साडू निवृत्त व्हायला आले. महिनाअखेरीला खोली रिकामी करून द्यायची होती. त्यांचं यंत्र हातचं, जुनं, त्यांच्याशिवाय कुणाला चालवता न येणारं, म्हणजे ते भंगारात जाणार हे उघड होतं. एकदा, निदान एकदा, साखळी वाढताना दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं. ती सपाट मैदानात वाढताना दिसली की ते चित्र कुणाला पाठवायचं, हेही आम्हाला ठाऊक होतं. ते बोलत नव्हते, पण घरातला प्रत्येक जण ओळखून होता. मला त्यांचा राग यायचा आणि त्या रागातच मी ताईंना रोज विचारायचो, "दिसलं का काही?"

शेवटच्या आठवड्यात नेमका प्रयोगशाळेबाहेरचा रस्ता खोदायला घेतला. दिवसभर फोडायचं यंत्र धडधडत असायचं. शेवटच्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. "अहो, ह्यांनी कालपासून काही खाल्लं नाहीये. डबा करून ठेवलाय, तेवढा नेऊन द्याल का? माझं ऐकणार नाहीत, तुमच्यावर निदान ओरडतील तरी." दुकान बंद ठेवून मी शनिवार पेठेतून डबा घेतला आणि स्कूटरवरून गेलो. खोलीबाहेर चपला काढल्या, मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवला, कारण आत मोबाइललाही बंदी. साडू पेटीसमोर स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली. शेवटचं तापवणं चालू होतं आणि ते अजून चार तास चालायचं होतं. बाहेर धडधड चालूच होती. मी डबा पुढे केला. ते म्हणाले, "टाच."

आणि दिवे गेले. पंखा थांबला, तापवायची तार विझली. सुईचं यंत्र आणि पेटी तेवढी बॅटरीवर चालू राहिली. साडूंचा चेहरा बघून मी चवड्यांवरच बाहेर पळालो. रस्त्यावर मुकादम कमरेवर हात ठेवून खड्ड्यात बघत होता. "केबल तुटली हाय," तो म्हणाला. "लाईटवाले येईस्तोवर मशीन बंद. दोन-तीन तास तरी जातील बघा." मी परत आत आलो आणि साडूंना सांगितलं. ते म्हणाले, "मग संपलं. अर्धवट तापलाय. सगळा ओबडधोबड असणार. पुन्हा सगळं करायचं तर तीन दिवस, आणि खोली उद्या द्यायची आहे." इतक्या शांतपणे म्हणाले की मला भडकायला झालं. वीस वर्षांचं सगळं माझ्या तोंडातून एकदम बाहेर आलं. "अहो, मग आहे तसाच बघा ना! बाहेर आज पहिल्यांदा आवाज नाही. बॅटरी आहे. तुमचा तुकडा घाणेरडा तर घाणेरडा. सोडा वायू आणि बघा एकदाचं, आणि मग जेवा, आणि मला दुकान उघडायला जाऊ द्या!"

साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून आलो आहे. पण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. तुकडा निवल्यावर त्यांनी तो सुईखाली सरकवला, वायूची झडप अगदी केसभर उघडली आणि सुई फिरवायला घेतली. पडद्यावर ओळ ओळ करत चित्र उतरलं. राखाडी पायऱ्या, एकीला लागून दुसरी, कुठे सरळ, कुठे दातेरी. "बघा," साडू म्हणाले, "नुसता डोंगर झालाय. मैदान कुठे आहे?" दुसरं चित्र आलं, तसंच. तिसरं तसंच. चौथ्या चित्रात एका पायरीच्या काठावर पांढरा ठिपका होता. मी म्हटलं, "हे काय?" साडू म्हणाले, "मळ." पाचव्यात ठिपक्याची बारीक रेघ झाली होती. सहाव्यात ती लांबली. साडू स्टुलावरून उठले. सातव्यात आणखी लांबली, आणि मला, चष्मेवाल्याला, एक गोष्ट दिसली: रेघेचं बाहेरचं टोक पुढे पुढे जात होतं, पण काठावरचं बूड जागचं हललं नव्हतं. सोऱ्यातून शेव पडावी तशी ती मुळातून बाहेर ढकलली जात होती. प्रत्येक नवा रेणू काठापाशी आत शिरत होता. वरच्या पायरीवरही तसंच, खालच्याही. पायऱ्यांमध्ये जो थोडा सपाट भाग होता, तो कोरा.

"काठावर," साडू म्हणाले. मग पुढचं चित्र बघून पुन्हा म्हणाले, "काठावरच." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी वीस वर्षं काठ पुसत होतो हो." एरवी मला त्यांना सुनवायला हजार गोष्टी सुचतात, आणि आज हातात डबा धरून मी नुसता उभा होतो. मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की तो तुकडा सपाट निघाला असता तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटून गेलं.

चित्रं जपून ठेवल्यावर ते बाहेरच्या टेबलापाशी आले आणि माझा मोबाइल मागितला. "तिचा नंबर माझ्याकडे नाही," म्हणाले. मी ताईंना फोन लावून दिला. साडूंनी नंबर मागितला तसा ताईंनी तोंडपाठ सांगितला. साडू गोंधळले. "अगं, तुझ्याकडे कसा?" ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "कसा म्हणजे? दर सोमवारी बोलते मी तिच्याशी. भांडण तुमचं होतं, माझं नव्हतं." साडूंनी फोन ठेवला आणि नंबर माझ्याकडून लावून घेतला.

पलीकडून तिने "हॅलो" म्हटलं. साडू ताठ उभे राहिले. "नमस्कार. मी पुण्याहून बोलतोय. आपल्याला वेळ आहे का?" सहा वर्षं जिला अगं-तुगं केलं तिला आपण म्हणत होते बिचारे. तिने आवाज ओळखला असणार, कारण ती "सर?" एवढंच म्हणाली. साडू वर्गात वाचून दाखवावं तसं एका दमात सांगत सुटले. वीज गेली. तापवणं अर्धवट राहिलं. पृष्ठभाग अतिशय खराब होता. साखळ्या काठांवरून वाढल्या, सगळ्या काठांवरूनच, नऊ चित्रं मिळाली आहेत. मग थांबले. "चौथं प्रकरण बरोबर होतं. ते काढायला लावलं ही माझी चूक होती. मी फार साफ करत होतो. तू सांगितलं होतंस." मग ती म्हणाली, "सर, जेवले का तुम्ही?"

"नाही," साडू म्हणाले.

"मग आधी जेवा. अन् मग पहिल्या चित्रापासून सांगा. मी हाये इथेच."

साडू व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसले आणि ताईंची पोळीभाजी खाल्ली. मोबाइल शेजारी ठेवलेला, कॉल चालूच. खाता खाता ते सांगत होते आणि ती मध्येच प्रश्न विचारत होती, दातेरी काठावर जास्त का सरळ काठावर, आणि साडू घास तोंडात ठेवून उत्तरं देत होते. तिचा हसण्याचाही आवाज एकदा आला. दुकान उघडायचं तसंच राहिलं.

संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी सोडायला निघालो. उद्या भंगारवाले ते यंत्र उचलून नेणार होते. नदीवरच्या पुलाआधी सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मे महिन्यात येते म्हणाली. मुलीला घेऊन. पाच वर्षांची मुलगी आहे तिला." मी म्हटलं, "वा, छान झालं." पुढच्या सिग्नलला पुन्हा थांबलो. मग त्यांनी विचारलं, "तिला चहा चालतो की कॉफी हो?"

"मला काय माहीत? तुमच्याकडे होती ती."

"हो," साडू म्हणाले. "सहा वर्षं माझ्यासमोर बसून पीत होती. मला आठवत नाही."

एरवी मी काहीतरी बोललो असतो. "ताईंना विचारू," एवढंच म्हटलं, आणि सिग्नल हिरवा झाला तशी स्कूटर जरा हळूच पुढे घेतली.